बांधावरचा लिंब

आरा मशीनवरून जाताना ओल्या कडुलिंबाच्या भुशाचा वास आला आणि सेनगावकडचं आमचं शेत आठवलं. बांधावर लिंबाचं मोठं झाड होतं. आमचं आणि शेजारच्या काकांचं भाकरीचं फडकं रोज त्याच्याखालीच सुटायचं. झाड कोणाचं, हे कधी कोणी विचारलं नव्हतं. एका वर्षी काकांनी गोठ्याच्या मेढीसाठी न विचारता फांदी तोडली आणि वडिलांनी मोजणी आणली. मोजणीवाल्यांनी साखळी ओढून हद्दीचा दगड रोवला. लिंब अख्खा आमच्याकडे निघाला. वडिलांनी घरून सगळ्यांसाठी चहा मागवला. काकांनी कपाला हात लावला नाही. म्हणाले, "झाड तुमचं, तर सावलीबी तुमचीच. माझा कापूस वाढून न्हाई राहिला तिच्याखाली. उचला ती." मोजणीला आलेल्या तलाठ्यालाही त्यांचं म्हणणं बराबर वाटलं. वडिलांनी काकांकडच्या फांद्या छाटल्या, तरी सावली पडतच राहिली. मग परवानगी काढून त्यांनी झाडच पाडलं. दोर मी धरला होता. काही वाटलं नाही. त्या दुपारी दोघांनी आपापल्या शेतात, उन्हात, एकमेकांकडे पाठ करून भाकर खाल्ली. परवा जाऊन आलो. दगड जागेवर आहे.