इंजिनमामांची टकटक

कोणाशीही बोलत असले तरी इंजिनमामांचा एक कान रस्त्यावर असे. अमरावतीच्या आमच्या गल्लीतून गाडी गेली की आपलं वाक्य अर्धं सोडून म्हणत, "आयक, याचा पिस्टन रडून राह्यला." आपण आपलं दुखणं सांगत असलो तरी ते पिस्टनचंच विचारत बसायचे.

पोटापाण्यासाठी ते शाळेत चित्रकला शिकवत, जीव मात्र इंजिनात. पडवीत कोणाचं ना कोणाचं इंजिन उघडं असायचं. व्हॉल्व्ह बशीत, नटबोल्ट पापडाच्या डब्यात. मामी करवादायच्या, "पाहुण्यायले आता नट तळून देऊ काय?"

त्यांचा सुनील परतवाड्याच्या रस्त्यावर जीप चालवायचा. तिच्या इंजिनातल्या टॅपेट नावाच्या एका सैल भागाची टकटक कोपऱ्यावर ऐकू आली की मामी तवा ठेवत. मामा पाना घेऊन निघाले की तो अडवायचा, "राहू द्या बाबा. मी आलो म्हून आईले समजते."

वलगावच्या अलीकडे त्या जीपला अपघात झाला आणि सुनील गेला. मामांनी भंगारातून तिचंच इंजिन सोडवून आणलं आणि पडवीत लोखंडी घोडीवर चढवलं. गल्ली म्हणाली, मास्तरांचं डोकं फिरलं. मी शेजारचा, रोज बघत होतो. मला नुसती भीती वाटायची.

एका संध्याकाळी ते सुरू झालं. इतकं सुरेख, की घोडीवर ठेवलेल्या कपातला चहा हलेना. मामी दारात आल्या, थोडा वेळ ऐकलं.

"हे त्याचं नाही," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मामा खाली बसले. जन्मभराच्या सवयीनं हातांनी ते टॅपेटही नीट करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी इंजिन परत उघडलं. चांगलं बसलेलं टॅपेट सैल करायचं, ऐकायचं, मान हलवायची, पुन्हा पाना. "नीट करणं मले जमते, बाबू," ते मला म्हणाले, "पण त्याच्यासारखं बिघडवणं लय कठीण हाये." बऱ्याच दिवसांनी ती टकटक आली. आत तवा ठेवल्याचा आवाज झाला. डिझेल संपेपर्यंत मामांनी इंजिन बंद केलं नाही. ते रडत होते.

गेल्या हिवाळ्यात मामाही गेले. आता तिन्हीसांजेला मामी भिंतीपलीकडून हाक देतात, "बाबू, जरा चालू करून देतं काय?" मी जातो, करून देतो. टकटक सुरू होते, आत तव्यावर भाकर पडते, आणि काही केल्या माझी नजर फाटकाकडे जाते.