पावलं वाचवणारे मामा

तिन्ही लोक तीन पावलांत उरकणारा वामन सोडला, तर पावलं वाचवण्यात आमच्या मामांचा हात धरणारा भूतलावर कुणी झाला नाही. नव्वदच्या दशकात पिंपरीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन ते वारूळवाडीला परतले आणि द्राक्षं पॅक करायची शेड टाकून बसले. माणूस कामाला लागला की हे त्याच्या हातांकडे नाही, एखादं पाऊल वाया जातंय का म्हणून पायांकडे बघत बसायचे. कात्री, क्रेट, पाण्याचा माठ, सगळ्यांच्या जागा पिवळ्या रंगानं आखलेल्या. घरी सांडशीच्या खिळ्यामागं भिंतीवर सांडशीचंच चित्र काढलं, तेव्हा मामी म्हणाली, "आता मलाबी एक चौकोन आखा, म्हंजी मी हरवायची न्हाई." मामांनी ते मनावर घेऊन ओट्यापाशी खडूनं चौकोन आखलासुद्धा.

शेडमध्ये त्यांनी देवघरातली घंटा टांगली होती. खराब घड दिसला की कुणीही ती वाजवायची, काम थांबवायचं, आणि चूक कुणाची हे न विचारता चूक का झाली ते शोधायचं. एवढा हुशार माणूस, पण शेडवरच्या बायांना कामाच्या ओळीत उभं करताना घोळ घातला तो घातलाच. घडातले खराब मणी कापायला पारूबाई, आणि नजर तेज म्हणून शेवटच्या तपासणीला त्यांचीच सून सुमन. आता सासूचं काम नापास करील अशी सून आमच्या जुन्नर तालुक्यात तरी जन्मायची होती. ती पदर सारखा करायची आणि पेटी पुढं सरकवायची. दोनदा माल परत आला. परदेशी माल पाठवणारे साहेब म्हणाले, "आता परत आला, तर तुमच्याकडचं काम बंद." काम बंद म्हणजे शेड बंद, आणि अख्ख्या आळीच्या चुली त्या शेडवर. मामांना अन्न गोड लागेना.

शेवटी ऐन हंगामात त्यांनी काम थांबवलं, उलट्या क्रेटवर बसले आणि बायांनाच विचारलं, "माझं कुठं चुकतंय, सांगा." मग पारूबाई उठल्या.

"भाऊ, तुमी लई शिकल्यालं, पर सासू-सून काय तुमाला उमगली न्हाई. तिला दिसतं समदं, माझ्यापुढं बोलत न्हाई ती." मग सुनेकडं वळल्या. "सुमे, माझा घड आला तरी खुशाल वाजव. हितं मी तुजी सासू न्हाई."

काम सुरू झालं आणि पहिली घंटा पारूबाईंच्याच घडावर वाजली. सुमननं तो घड मामांपुढं धरला. मामांनी जाऊन पाहिलं, तर पारूबाईंच्या जागी दारातलं ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. टेबल फिरवलं, आणि त्या हंगामात पुन्हा पेटी परत आली नाही. साहेब शाबासकी द्यायला आले, तर मामांनी ह्या दोघींना पुढं केलं आणि स्वतः मागं उभे राहिले. असा माणूस माझा मामा होता, हे सांगताना माझी छाती अजून फुगते.

मामा गेले तेही भर हंगामातच. बाया दारात येऊन रडल्या, डोळे पुसले आणि शेडवर गेल्या. सुमननं सगळं सांभाळलं, ट्रक वेळेवर सुटला. आपल्यावाचून काम अडलं नाही, याचा मामांना केवढा अभिमान वाटला असता. मलाही वाटतो. पण खरं सांगू राव, त्या दिवशी तरी थोडं अडायला हवं होतं.