आंब्यांच्या अढीतली बाटली

माझी मुलगी नाशिककडे एका वायनरीच्या प्रयोगशाळेत काम करते. तीन वर्षं झाली. खर्डीजवळच्या आमच्या गावात मी हे भेटेल त्याला सांगतो. धरणावरच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरा उद्योग तरी काय? बायको मात्र विषय निघाला की उठून चुलीकडे जायची. तिच्या वडिलांनी मोहाच्या दारूपायी घराची धूळधाण केली होती. तो वास तिच्या नाकातून गेलेला नाही, आणि त्यासाठी मी तिला कधी बोल लावला नाही. पण मुलगी सुट्टीला आली की आई पोटभर जेवू घालायची आणि कामाबद्दल चकार शब्द काढायची नाही. मुलीला ते लागायचं.

होळीला ती बाटली घेऊन आली. द्राक्षांपासून बाटलीपर्यंत तिने स्वतः सांभाळलेली पहिली लाल वाइन. "मेमध्ये येईन तेव्हा तिघं मिळून उघडू," म्हणाली. तिघं, हे तिने आईकडे बघून म्हटलं.

मग तिने माझी शिकवणी घेतली. बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. ते सुकलं की हवा आत शिरते. अंधार हवा, गारवा हवा. फ्रिजच्या डोक्यावर तर मुळीच नको, तिथे ऊब असते आणि सतत थरथर. पिण्याआधी मात्र वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये, कारण आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाल वाइनसुद्धा कोमट लागते. पेला तिसरा हिस्साच भरायचा. बर्फ नाही. उरली तर बूच लावून परत फ्रिजमध्ये, तीन-चार दिवसांत संपवायची. सोबत मटण चालेल, सुकट नको. हे शेवटचं मी त्याआधीच तिने आणलेल्या दुसऱ्या एका बाटलीवर करून पाहिलं होतं. तोंडात लोखंड चाटल्यासारखं झालं.

मी बाटली गोणपाटात गुंडाळून मागच्या अंधाऱ्या खोलीत, पाण्याच्या रांजणाशेजारी आडवी केली. रोज सकाळी गोणपाटावर पाणी शिंपडायचो. एवढी काळजी रक्तदाबाची घेतली असती तर डॉक्टर खूश झाले असते.

मेमध्ये चार दिवस मी लग्नाला मुरबाडला गेलो. परत आल्यावर पुन्हा शिंपडणं चालू. आठवड्याने मुलगी आली. मी ऐटीत गोणपाट उलगडलं, तर आतून निघाला वरवंटा! मिक्सर आल्यापासून बेकार पडलेला. आठ दिवस मी दगडाला पाणी घालत होतो.

"अगं, बाटली कुठाय?"

"तुमी मुरबाडला गेल्यावर पावने आल्ते," बायको म्हणाली. "त्यांना दिसली असती तर? तुमी बी गावभर बोंबलला असता, म्हणून तुमाला नाय सांगितलं. अढीत हाय."

अढी म्हणजे पेंढ्यात कैऱ्या पिकत घालतो ती जागा. हात घातला तर आतून ऊब लागते. कैऱ्या पिकाव्यात म्हणून आम्ही ती मुद्दाम धरतो. त्या उबेत बाटली दहा-बारा दिवस झोपली होती. बूच वर सरकलेलं, तोंडाशी चिकट ओघळ.

मुलीने बाटली उघडली, थोडी पेल्यात ओतली, वास घेतला, घोटभर चाखली. "उष्णता लागली, आई. आता रश्श्यातच घालू." रागावली नाही. पण तिचे डोळे भरले आणि ती खिडकीकडे बघत राहिली. मला बायकोचा असा राग आला की बोललो असतो तर दोन दिवस पुरला असता.

पण बायकोनेही ते डोळे पाहिले होते. ती जागची उठली, मुलीजवळ जाऊन उभी राहिली. "चुकलं गो माजं," म्हणाली. मग तिने पेला उचलून नाकाशी नेला. बराच वेळ वास घेतला. प्यायली नाही.

"ह्यो तो वास नाय," एवढंच म्हणाली. कोणता, ते आम्हा दोघांनाही विचारावं लागलं नाही.

मटण झकास झालं. रश्श्यात वाइन जाताना बायको स्वतः पातेल्यापाशी उभी होती, किती घालायची ते विचारत होती. जेवायला बसलो आणि तिने मुलीकडे वळून विचारलं, "द्राक्षं आली की तू पयलं काय करतेस गो?"

तीन वर्षांत पहिल्यांदाच. मुलीने हातातली भाकरी ताटात ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.