न बोलणाऱ्याचं दुखणं

आमच्या कोपऱ्यावरच्या दूधकट्ट्यावर एक मावशी रोज गिऱ्हाइकासमोर म्हशीची धार काढते. तिचा आवाज असा, की चौकातल्या रिक्षावाल्यानं वळून बघावं. पूर्वी उकिडवी बसायची. हल्ली पालथ्या बादलीवर बसते आणि उठताना ओटीपोट दाबून धरते. मी विचारलं, तर म्हणाली, "गर्भपिशवीत गाठी हायत. पाळी गेली की सुकतील म्हणालत्या डॉक्टरीणबाई."

पाळी जाऊन सहा वर्षं झाली, तरी ती पुन्हा दाखवायला गेलेली नाही.

परवा म्हशीनं वैरण सोडली, तर तासाभरात तिनं जनावरांचा डॉक्टर बोलावला. तो निघताना तिनं एकदम हळू विचारलं, "माझंबी पोट जरा बघता काय?"

"मावशी, मी जनावरांचा डॉक्टर!"

"म्हणून तर," ती म्हणाली. "न बोलणाऱ्याचं दुखणं तुमास्नीच कळतंय की."