राजपुत्र बिशप आणि माझा धाकटा भाऊ

धाकट्या भावाच्या गुरुदीक्षेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गिरीज गावातल्या आमच्या ख्रिस्ती लोकांनी सोहळा ठरवला आणि नाटुकलं लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी शाळामास्तर, सणाची नाटकं मीच लिहीत असे. विषय शोधावा लागला नाही. बाप्तिस्म्यात भावाला ज्याचं नाव मिळालं तो मध्ययुगातला एक बिशप होता, राजाचा सख्खा धाकटा भाऊ. माझ्या नाटकात तो भर दरबारात तलवार खाली ठेवतो, राजा रडून त्याला अडवतो, आणि तो हसत हसत मठाची वाट धरतो, पुढे गोरगरिबांचा बिशप होतो.

हा प्रसंग मी पूर्वी एकदा वापरला होता. भाऊ सोळा-सतरा वर्षांचा असताना धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतून उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आला आणि परत जाणार नाही म्हणाला. केळीची वाडी बघीन, तुमच्याबरोबर राबेन. वडील विरघळले. "राहू दे त्याला. वाडीत हात कमीच पडतात."

माझं लग्न नुकतंच ठरलं होतं. वाटणीनंतर वाडीचं काय होतं ते मी काकांकडे पाहिलं होतं. दोन भाऊ, मध्ये कुंपण आणि विहिरीवरून रोज भांडण. मी वडिलांना म्हणालो, "देवाला दिलेला मुलगा परत घेतला, असं गाव म्हणेल. चालेल तुम्हाला?" वडिलांना ते चालण्यासारखं नव्हतं. भावाला मी केळीच्या सावलीत बसवून राजपुत्राची गोष्ट सांगितली. सुट्टी संपायच्या आधीच तो निघाला.

आमच्यात मुलगा धर्मगुरू झाला की थोरल्यांनीही त्याला फादर म्हणायचं. त्याला लहानपणी कडेवर घेऊन फिरवलेला मी त्याला अहो-जाहो करू लागलो. तो मात्र मला दादाच म्हणत राहिला.

नाटकासाठी युरोपातल्या राजाचा पोशाख मिळेना. भाड्याच्या पेटीत पेशवाई पगडी निघाली, तीच राजाला घातली. बिशपची टोपी माझ्या बायकोने पुठ्ठ्यावर शालूचे काठ शिवून केली. माझ्या मागे दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"कुठला बाय हा राजा? पुण्याचा दिसतो."

"गप बस. त्या काळी सगळे असेच असायचे."

सगळ्यांत मोठ्याने भाऊ हसला. राजा रडला तेव्हाही तोच हसला.

जेवणं आटोपल्यावर आम्ही दोघेच मागच्या ओट्यावर बसलो.

"दादा, तू पुस्तकं वाचतोस की नुसतीच नाटकं लिहितोस?"

"का हो फादर?"

"अरे, त्या राजाने भावाला पोरवयातच मुंडण करून मठात टाकला. एकदा चर्चचा झाला की गादीवर हक्क सांगता येत नाही. तो पळाला, त्याला धरून आणला. मग बिशप केला, म्हणजे कटकट मिटली."

"हे कधी वाचलंत?"

"त्या सुट्टीनंतर परत गेलो ना, त्याच पावसाळ्यात."

"मग इतकी वर्षं बोलला नाहीत?"

"कुणाला बोलू? वडिलांना? ते मला येताजाता फादर-फादर करत होते." तो पुन्हा हसला. "आणि बिशप चांगला झाला तो. गोरगरिबांना धरून राहिला. तेवढं तू खरं लिहिलंस. पण राजा का रडतो ते मला कळलं नाही."

"नाटकात रंगत येते."

"आणि खरं काय झालं असेल रे?"

मी चहा सांगायच्या निमित्ताने आत गेलो. मला आत जाऊ द्यावं इतका तो चांगला धर्मगुरू होता.

आता तो वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात असतो. वाडी माझ्या मुलांनी बिल्डरला दिली. एकाच मालकाची, सलग, भानगड नसलेली जमीन म्हणून बिल्डर फार खूश होता. तिचं श्रेय कुणाचं हे मुलांना ठाऊक नाही. गावात अजून सांगतात की आमच्या फादरनी सगळं सोडून आपणहून देवाची वाट धरली. ती माझीच गोष्ट आहे, आणि ती खोटी आहे.

भावाच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. राजा रडला नाही. भावाची ट्रंक त्याने स्वतःच्या हाताने टांग्यात चढवली, टांगा वळणाआड जाईपर्यंत हात हलवला, आणि घरात येऊन पोटभर जेवला.