तिरके फोटो

दुसऱ्याच्या फोटोंत मनापासून रस असलेला माणूस या पृथ्वीतलावर एकच झाला, आणि तो उमेळ्याला राहतो. बाकी आपण सगळे ढोंगी. कुणी लग्नाचा अल्बम पुढे केला की आपण "वा, छान" म्हणत पानं उलटतो आणि मनातल्या मनात स्वतःला शोधतो. सापडलो की पोट किती दिसतंय ते बघतो आणि अल्बम मिटून सरबताची वाट बघत बसतो. माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचे पप्पा मात्र एका अल्बमला तीन दिवस लावतात. नवरा-नवरीकडे ते सगळ्यात शेवटी बघतात. आधी फोटोच्या कडा बघतात. कुणाचं ताट रिकामं आहे, मांडवाच्या कुठल्या बांबूवर वायर उघडी राहिलीय, मागच्या रांगेत कोण कुणाकडे पाठ करून बसलंय. माझ्या भावाच्या लग्नाचा अल्बम त्यांनी असाच तीन दिवस ठेवून घेतला आणि परत देताना मला विचारलं, "तुझे मोठे मामा जेवले नाहीत का गं? सात फोटोंत त्यांच्या हातात पाण्याचाच ग्लास आहे." मामा खरोखरच रुसून उपाशी गेले होते. आमच्या घरात ही गोष्ट कळली ती लग्नानंतर दोन महिन्यांनी, आणि तीही परक्याकडून.

ही सवय त्यांना नोकरीने लावली. ते वीज कंपनीत मीटर रीडर होते. माणिकपूरपासून नालासोपाऱ्यापर्यंत हजारो घरं त्यांनी मागच्या बाजूने पाहिली. "दिवाणखाना सगळ्यांचा सारखाच," ते म्हणतात. "माणूस कळतो तो मीटरच्या पेटीखाली. तिथे तो फुटकी बादली ठेवतो, सासूने दिलेलं घड्याळ ठेवतो, आणि बायकोपासून लपवलेली बाटलीही तिथेच." निवृत्तीनंतर मीटर सुटले, पण बघण्याची भूक काही सुटली नाही. त्यात त्यांची बायको, आमच्या काकी, वारल्या, आणि एकुलती एक मुलगी, म्हणजे माझी मैत्रीण, लग्न करून कॅनडाला गेली.

मी त्यांना अंकल म्हणते. शेजाऱ्यांशी ते त्यांच्या बोलीत बोलतात, माझ्याशी मात्र शाळेत भाषण करावं तशा मराठीत, कारण मी बीएस्सी. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आईबापाने मिठागरात पाय सोलून घेऊन मला शिकवलं, त्यामुळे पदवी चारचौघांत सांगायला मला लाज वाटत नाही, मीच काढते विषय. अंकलना तर तिचा माझ्यापेक्षा जास्त अभिमान. फोन अडकला की ते म्हणणार, "बीएस्सीला दाखवू." माझी पदवी रसायनशास्त्राची आणि नोकरी पॅथॉलॉजी लॅबमधली, फोनशी दोन्हींचा संबंध नाही, पण हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता मूळ घोटाळा सांगते. मैत्रिणीने जाताना आपला जुना फोन पप्पांना दिला, त्यातल्या स्वतःच्या अकाउंटसकट. तिकडे जाऊन नवा फोन घेतला आणि त्यातही तेच अकाउंट घातलं. पुढे जावयाने सुट्टीवर येऊन एक टॅबलेट ठेवला, त्यात पुन्हा तेच. सगळ्यांचा बॅकअप एकाच क्लाउडवर. म्हणजे कॅनडात तिने फोनवर फोटो काढला की तो मिनिटाभरात उमेळ्याला उतरत होता, आणि हे तिच्या गावीही नव्हतं. अंकल स्वतः एकही फोटो काढत नसत, त्यामुळे उलट तिकडे काही जात नसे आणि तिला शंका यायचं कारणच नव्हतं. सुरुवातीला अंकलना वाटायचं की फोनमध्ये येतात ते फोटो वेगळे आणि टॅबलेटमध्ये येतात ते वेगळे, म्हणून ते प्रत्येक फोटो दोनदा बघत. पुढे कळलं, तरी दोनदा बघायचं त्यांनी सोडलं नाही. दोन्हींचं रीडिंग जुळलं की "पोचला" म्हणत.

आणि फोटो तरी कसले! मुलीने बापाला कौतुकाने पाठवावेत असे नव्हतेच ते. आपण दिवसभर काढतो आणि विसरतो ना, तसले. गाडी कुठे लावली ते लक्षात राहावं म्हणून काढलेला पार्किंगचा आकडा लिहिलेला खांब. दुकानात उभं राहून नवऱ्याला दाखवायला काढलेल्या दोन प्रकारच्या डाळी. दाराशी पडलेलं पार्सल. थर्मामीटर. करपलेलं पातेलं. अंकलनी या हजारो फोटोंची वर्गवारी केली होती, आणि तारीख, ठिकाण, चेहरा असल्या फोनने सुचवलेल्या गोष्टी धुडकावून स्वतःचे अल्बम केले होते: 'खांब', 'ताप', 'दाराशी', 'फुटलं', 'काय घेऊ'. यातल्या 'काय घेऊ'मध्ये ते जातीने भाग घेत. एकदा मी ओट्यावर चहा गाळत होते, तर बाहेरून आवाज, "डावीकडचं घे! डावीकडचं! उजवीकडच्यात खडे असतात!" मी धावत आले. अंकल टॅबलेटवर वाकून कॅनडातल्या मसूरडाळीला हात करत होते; मला वाटलं, तो फोटो तिनेच विचारायला पाठवलाय. पाच मिनिटांनी स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर उजवीकडच्या पिशवीचा फोटो उतरला. "ऐकायचंच नाही कुणाचं," म्हणाले, आणि टॅबलेट पालथा घातला.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की तिचा फोन येई. ती म्हणे, "सगळं ठीक आहे पप्पा." अंकल म्हणत, "असू दे. पण सुंठ घे जरा." ती चाट पडे, कारण दोनच दिवसांपूर्वी तिला ताप आलेला असे. मला म्हणायची, "पप्पांना आतून कळतं गं. रक्ताचं नातं असतं." शेजारच्या बायका तर अंकलच्या रोझरीच्या जपात काही शक्ती आहे असं धरून चालल्या होत्या. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं, बीएस्सी असून.

मग एके दिवशी फोटो यायचे थांबले. तीन दिवस वाट बघून अंकल कापडी पिशवीत दोन्ही यंत्रं घालून माझ्या लॅबमध्ये आले. चेहरा असा, की आमच्या रिसेप्शनच्या मुलीने त्यांना रक्त तपासायला बसवलं. मी पिशवीतून फोन काढून पाहिला. स्टोरेज संपलं होतं. एकेचाळीस हजार फोटो. मी वरखाली सरकवत गेले आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अंकल, हे सगळे तिचे आहेत?"

"मग कुणाचे असतील?"

"तिला माहीत आहे तुम्ही बघता ते?"

ते खिडकीबाहेर रिक्षांकडे बघत म्हणाले, "मी कुठे मागितले? तेच येतात."

"अंकल, हे बरोबर नाही. तिला सांगायला पाहिजे."

"सांगितलंस तर बंद होईल," ते म्हणाले. त्यांची ती भाषणातली मराठी एकदम सुटली. "बंद झालं तर मला कसं कळणार गं, ती घराबाहेर पडली का, घरी आली का, जेवली का? ती तर ठीक आहे एवढंच सांगते."

मी त्यांना समजावलं की निदान एकसारखे फोटो पुसू, जागा होईल. सलग बारा खांब दाखवले. ते माझ्याकडे असे बघायला लागले की मी पदवी परत करावी. "एकसारखे? हा सोमवारचा, पाऊस आहे, जमीन ओली बघ. हा मंगळवारचा, उशीर झालाय, गाडी रेषेवर लावलीय. हा बुधवारचा, बोट आलंय मध्ये, म्हणजे हातमोजा घातला नाही. थंडीत हातमोजा नाही!" एकही फोटो पुसू दिला नाही. मी तेव्हा तिला काही सांगणार नाही असं कबूल करून बसले.

पण स्टोरेज भरल्याचा निरोप तिच्या फोनवरही गेलाच होता. त्याच आठवड्यात तिचा मला फोन. "पप्पांच्या फोनमध्ये माझं अकाउंट राहिलंय बघ, त्याने भरलं असेल. तू वेगळं करून दे ना, तुला जमतं." आणि मग हसत म्हणाली, "ते त्यातलं काही बघत नसतील ना गं?"

मला खोटं बोलता येत नाही. शाळेपासून त्याच्यासाठी मार खाल्लाय. मी म्हटलं, "बघतात. सगळे बघतात."

मग अगदी हळू, "दोन वर्षांपूर्वी मी हॉस्पिटलात होते, त्या रिपोर्टचे फोटो काढले होते मी. बाळ राहिलं नव्हतं तेव्हाचे. ते पण?"

मला आठवलं. त्या आठवड्यात अंकल तिला रोज फोन करत होते आणि रोज काहीतरी खुळं विचारत होते, कोथिंबीर पेरताना धणे रगडायचे का, तिकडे केळी मिळतात का, खारीच्या शेपटीचा रंग कसा असतो. तिनेच वैतागून मला सांगितलं होतं, पप्पांना म्हातारचळ लागलाय म्हणून. चर्चमध्ये त्यांनी गेलेल्या माणसासाठी सांगतात तशी एक मिस्साही सांगितली होती, कुणासाठी ते कुणालाच कळलं नव्हतं.

"ते पण," मी म्हटलं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "वेगळं कर. आता मला फोटो काढताना पप्पाच समोर बसलेले दिसतील गं. मला जमायचं नाही."

पुढच्या रविवारी मी उमेळ्याला गेले. अंकलना सगळं सांगितलं, मी काय बोलले तेही. त्यांनी सुकेळी, आमच्याकडची वाळवलेली केळी, आणून पुढे ठेवली, खुर्ची ओढून दिली. मी म्हटलं, "शिव्या घाला मला." तर म्हणाले, "मीटर काढायला आलेल्या माणसाशी भांडायचं नसतं. त्याला वरून कागद आलेला असतो." जुने एकेचाळीस हजार फोटो मी त्यांना एका छोट्या हार्डडिस्कमध्ये उतरवून दिले, ते तिने आपणहून देऊ केले होते. त्यांच्या नावाचं नवं अकाउंट उघडलं. ते उघडलं तेव्हा त्यात एकही फोटो नव्हता, आणि पांढऱ्या पडद्यावर 'तुमचे फोटो येथे दिसतील' असं लिहून आलं. अंकलनी ते दोन्हींवर वाचलं.

आता ती दर शनिवारी फोटो पाठवते. तळ्याकाठी ती, बर्फात ती, केक कापताना दोघं. चांगले असतात, सरळ, हसरे. अंकल ते बघतात आणि ठेवून देतात. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "हे मला दाखवायला काढलेत गं. यात काय वाचणार?" मी ते तिला कळवलं. तिने बिचारीने दुसऱ्याच दिवशी खांबाचा फोटो काढून पाठवला. अंकलनी तो जवळ धरला, लांब धरला. "मुद्दाम काढलाय," म्हणाले. "आकडा किती सरळ आलाय बघ. ती घाईत असते, तिचा नेहमी तिरका येतो."

मग एकदा मीच माझा फोन त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, "माझ्यातलं वाचा." आमच्याकडे फोटो बघायला बसणारं कुणी नाही. आईला स्क्रीनवर बोट फिरवायचीच भीती वाटते. अंकलनी चष्मा पुसला. विजेच्या बिलाचा फोटो होता, ऑनलाइन भरायला जमिनीवर ठेवून काढलेला. आधी त्यांनी सवयीने युनिट बघितले, "वाढलंय, फ्रीजचं रबर गेलं असेल." मग बोट खालच्या कोपऱ्याकडे गेलं. "हा तुझ्या आईचा पाय ना? चपलेच्या पट्ट्याला सेफ्टीपिन लावलीय." मी बघितलं. होती. ते एकेक फोटो मागे सरकवत गेले, सिलिंडरचा नंबर, डॉक्टरची चिठ्ठी, गणपतीच्या आरतीतली गर्दी, आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात कुठेतरी आई शोधत गेले. शेवटी म्हणाले, "मे महिन्यापासून आहे. मेमध्ये पट्टा धड होता."

माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर, मे महिन्यापासून. मी येताना माणिकपूरहून आईला चप्पल घेतली. आई म्हणाली, "तुला कोनी सांगितलं?" मी म्हटलं, उमेळ्याच्या अंकलनी. ती दचकली. "ते कधी आले आपल्याकडं?" आणि उगाचच पदर सावरून दाराकडे बघत राहिली.

हे मी मैत्रिणीला फोनवर सांगितलं तेव्हा ती खूप हसली. मग हसणं थांबलं. तिकडे सकाळ होती, ती ऑफिसच्या बाहेर गाडीतच बसून होती. म्हणाली, "माझं काय काय बघितलं होतं गं त्यांनी? तुला सांगायचे का?" मी आठवेल तेवढं सांगायला लागले. तिला कामाला उशीर होत होता, मागून कुणीतरी हॉर्नही वाजवला. माझ्याजवळचं सगळं सांगून संपलं तरी ती फोन ठेवीना.

"अजून?" ती म्हणाली.