ओ येईस्तवर

धुकं पडलं की होडीवाल्याला काठ दिसत नाय. मंग बायांनी बांधावर उभं ऱ्हाऊन हाक मारायची आनि त्या आवाजावर पुरुषांनी होडी वळवायची, अशी आमच्या गावची रीत. नवऱ्याचं नाव तर घ्यायचं नाय. म्हनून दर बाईची हाक येगळी. माझी लांब, शेवटाला वर चढनारी. लगीन झाल्यावर चौथ्या दिवशी सासूनं बांधावर नेऊन शिकवली. म्हनाली, "एकदा हाक मारलीस की गप ऱ्हायचं. तूच वरडत बसलीस तर त्याचा ओ कसा आयकू येल?"

माझ्या मानसाचा ओ उशिरा यायचा. आधी वल्हं थांबवायचा, मंग तोंड उघडायचा. तेवढ्यात माझे पाच श्वास व्हायचे. बाकीच्या बाया हसायच्या. "तुझा दादला विचार करून बोलतो गो."

एका थंडीच्या सकाळी ओ आला नाय. मी हाक मारायची, पाच श्वास थांबायची, परत मारायची. ऊन वर आलं, धुकं फिटलं, समोर सगळी खाडी दिसली. रिकामी. जावेनं हाताला धरून घरी आनली. होडी दुसऱ्या दिवशी पलीकडं झाडीत अडकलेली मिळाली. त्यो मिळाला नाय.

तीन पोरं, धाकटी अंगावर पिनारी. बारावं झालं, दुसऱ्या दिवशी मासळीची पाटी डोक्यावर घेतली नि पनवेलच्या बाजारात गेली. चालतच. पावसात, उन्हात, तापात बी. त्याचं येवढं काय सांगायचं. कुनी ना कुनी बाई रोज माझ्या पुढं चालत असायची, तिचं बी तेच.

मंग इमानतळ आलं. डोंगर फोडला, खाडीत भराव घातला, गाव उठलं. आता आमी उलव्यात ऱ्हातो. बांध व्हता तिथं पत्र्याचं कुंपन हाय.

तर अशात एक पोरगी घरी आली. गळ्यात मशीन, हातात केसाळ टोपी घातलेला माईक. म्हनाली, नव्या चौकात बाग होते, तिथं भिंतीवर लाइटची हलती चित्रं लावनार आनि खांबांतून आवाज येनार. आवाजाचं काम बाग बांधनाऱ्या हापिसानं तिला दिलं व्हतं.

"आजी, इथल्या खाडीचे जुने आवाज मी गोळा करतेय. तुम्ही होड्यांना हाक मारायचात ना? ती रेकॉर्ड करायचीय."

माझी सून भाकरी थापत व्हती. "घ्या की. आमच्या आई गॅस बंद कर सांगतात तर तीन बिल्डिंगा आयकतात."

मी नाय म्हनाली. त्यो गेल्यापासून ती हाक तोंडातून काढली नव्हती. पन पोरगी चा पीत बसूनच ऱ्हायली. शेवटी मी म्हनाली, "घरात नाय मारत. पान्यावर चल."

रिक्षानं खाडीच्या कडेला गेलो. चप्पल काढून चिखलात उभी ऱ्हायली नि हाक मारली. गळा फाटला माझा. मंग गप. पाच श्वास. परत मारली. चार-पाच वेळा. पोरीनं काय इचारलं नाय, मी बी सांगतलं नाय.

बाग उघडायच्या आधी आवाज लावून बघायचा व्हता, तवा तिनं मला बोलावलं. हापिसातले सायब बी आले व्हते. खांबातून माझी हाक आली. ती संपते न संपते तो दुसरी, तिच्या पाठीला तिसरी.

"थांबव," मी म्हनाली. "मधी गप ऱ्हायची जागा कुठं गेली?"

"तिथे काहीच नव्हतं आजी, म्हणून मी कापलं."

"काय नव्हतं कसं? तिथं त्याचा ओ येतो."

"कोणाचा?"

मंग मला सगळं सांगावं लागलं.

सायब म्हनाले, "मावशी, आवाज मध्येच बंद पडला तर लोक तक्रारी करतील. म्हणतील, नवीन बसवलं आणि लगेच बिघडलं."

"करू द्या. पन अशी हाक कोनी मारत नाय. ही बाई थांबतच नाय, तर हिचा मानूस काठाला लागंल कसा?"

सायब मोबाइल बघायला लागले.

"सर," पोरगी म्हनाली, "ती जागा परत घालते. नाहीतर हा आवाज मी इथे लावणार नाही."

सायब म्हनाले, "मग बोर्ड तरी लावा बाई."

बोर्ड लागला. सुनंनं वाचून दाखवला: आवाज मध्ये थांबतो. यंत्र बिघडलेले नाही.

आता रोज उन्हं कलली की मी तिथं बाकावर जाऊन बसते. खांबातला आवाज म्हातारीचा हाय. त्यानं आयकला तर म्हनंल, ही कोन? त्यो गेला तवा माझा गळा तरना व्हता. पन शेवटचा चढ तोच हाय, त्यावरनं वळखंल.

हाक थांबते. रिक्षा जाते, पोरं झोपाळ्यावर वरडतात, कधी वरनं इमान जातं. मी श्वास मोजते. पाच झाले की परत माझीच हाक येते.

सून बाजाराची पिशवी घेऊन उभी असते. "चला आई, डास चावतात."

"जरा थांब," मी म्हनते. "आता मारली हाय हाक. येवढी होऊ दे."